'तो उंदीर वाचला का वं?'

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी सत्तावीस वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नागपुरात औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करते. कर्करोगाचं औषध पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरायचं, गाठीला जाऊन चिकटावा म्हणून कणाला वरून फोलिक ॲसिडची खूण लावायची, आणि तो कुठं पोचला ते कॅमेऱ्यात दिसावं म्हणून आत चमकणारा रंग घालायचा, असा तिचा विषय. तिच्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, गालाच्या आतून कर्करोगाची गाठ निघाली आहे. तीस वर्षांचा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. बायोप्सी झाली. गाठ लहान आहे, ऑपरेशन करू आणि गरज पडली तर नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, देऊ, असं डॉक्टर म्हणाले, तारीखही मिळाली. तेवढ्यात चुलतभावाला मोबाईलवर एका केंद्राची जाहिरात दिसली: 'नॅनो टार्गेट थेरपी', चिरफाड नाही, केस गळत नाहीत, फक्त कर्करोगाच्या पेशी मरतात, आठ इंजेक्शनं, सहा लाख रुपये. रस्त्याला लागून असलेली दोन एकर जमीन विकायची बोलणी झाली आहेत, इसार तेवढा घ्यायचा राहिला आहे. सगळे हिच्या शब्दासाठी थांबले आहेत, कारण 'हे तुह्याच लाइनचं आहे'. ती 'पाहते' एवढंच म्हणाली. कॉलेजची तीन वर्षं तिच्या हॉस्टेलची फी मोठेबाबांनी भरली होती. मागच्या दिवाळीत तिनं त्यांना मोबाईलवर आपल्या प्रयोगातल्या चमकणाऱ्या उंदराचा फोटो दाखवला होता. आता त्यांनी तिला एकच विचारलं: "तो उंदीर वाचला का वं?" तिला उत्तर देता आलं नाही. ती लिहिते: जाहिरात खोटी म्हणू, तर मी चार वर्षं काय करते आहे? प्रयोगशाळेतलं काही त्यांना देता येईल का? आणि देता येत नसेल, तर हे शिक्षण पुढं चालवू तरी कशाला?

*

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुला एक ओळ पाठवली होती: ऑपरेशनची तारीख हलू देऊ नकोस. आता बाकीचं सविस्तर लिहिते. वर्ध्याला औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. तुझ्यासारख्या, एसटीनं येणाऱ्या आणि घरातल्या पहिल्या शिकलेल्या मुली माझ्या प्रत्येक वर्गात असायच्या. म्हणून तुला 'तू' म्हणते आहे.

आधी तुझ्या त्या 'पाहते'बद्दल. तुला वाटतं, तू अजून काहीच बोललेली नाहीस. पण तुझ्या घरी काय ऐकू गेलं असेल, याचा विचार कर. नागपुरात याच विषयावर शिकणारी पोरगी 'नाही' म्हणाली नाही, म्हणजे त्यात तथ्य असलंच पाहिजे. तुझ्या गप्प बसण्यानं त्या जाहिरातीला घरचा साक्षीदार मिळाला आहे. इसार एकदा घेतला की माघार घेणं किती कठीण होतं, हे तुझ्या वडिलांना विचार. तेव्हा तू काय सांगावंस यापेक्षा कधी सांगावंस हे जास्त घाईचं आहे. इसाराच्या आधी सांग.

आता तो शब्द. गावात 'नॅनो' पोचला तो कृषी केंद्रातून. २०२१ मध्ये नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आली, मागोमाग नॅनो डीएपी आलं. चुलतभावाच्या डोक्यातला हिशोब सरळ आहे: पोत्याचं काम बाटलीत, तसं ऑपरेशनचं काम इंजेक्शनात. त्याला अडाणी समजू नकोस. त्याच्यासमोर जे आलं त्यातून त्यानं अंदाज बांधला. पण नॅनो हे नुसतं माप आहे, गुण नाही, हे त्याला तुझ्याइतकं नीट दुसरं कोणी सांगू शकणार नाही. तुझे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतील. केसाच्या जाडीत असे सात-आठशे कण एका ओळीत बसतील. एवढं बारीक झालं म्हणून औषध चांगलं होत नाही, वाईटही होत नाही. त्याचा प्रवास तेवढा बदलतो.

हा प्रवास समजावताना तुझ्यासारखे संशोधक हटकून ठिबकची उपमा देतात. पाट सोडला की पाणी सगळ्या वावरात जातं, ठिबकनं झाडाच्या बुडाशीच पडतं. साधी केमो म्हणजे पाट, नॅनो म्हणजे ठिबक. मीही वर्गात हेच सांगायची. नंतर सोडून दिलं, कारण ठिबकची नळी आपण स्वतः झाडापर्यंत अंथरतो. कणांना अशी नळी नसते. ते शिरेतून रक्तात जातात आणि रक्त नेईल तिकडं फिरतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांना फटी असतात आणि आत शिरलेलं बाहेर वाहून नेणारी व्यवस्था कमजोर असते. म्हणून कण तिथं झिरपतात आणि साचतात. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हे मांडलं, आणि आपलं सगळं क्षेत्र त्या एका निरीक्षणावर उभं राहिलं. पण बहुतेक कण यकृत आणि प्लीहा गाळून घेतात. प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र हिशोब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेल्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. शंभरातला एकही नाही. हा आकडा तू तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलाच असशील. घरी तो कधी सांगितलास का?

चुलतभावाला सांग, 'फक्त कर्करोगाच्या पेशी मरतात' असं कोणी म्हणालं की या क्षेत्रात काम करणाऱ्याला लगेच कळतं, बोलणारा या क्षेत्रातला नाही.

मग नॅनो औषधं म्हणजे थापच का? मुळीच नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. तू दोन गोष्टी एका दोरीनं बांधल्या आहेस: जाहिरात खोटी ठरली तर माझं काम खोटं. त्या सोडवून बघू.

डॉक्सोरुबिसिन हे केमोचं लाल औषध तुला माहीतच आहे. ते हृदयाला त्रास देतं. ते स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत भरून, वर पॉलिमरचं अस्तर लावून बनवलेलं औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तिथं मंजूर झालेलं कर्करोगावरचं ते पहिलं नॅनो-औषध. तसंच औषध आपल्याकडंही बनतं. २०१२ मध्ये अमेरिकेत त्या औषधाचा तुटवडा पडला तेव्हा ते भारतातून मागवावं लागलं होतं. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात द्यावं लागायचं, आणि त्या द्रावकाची काहींना जोराची ॲलर्जी यायची. २००५ मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनात बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल आलं आणि द्रावकाची गरज संपली. पॉलिमरच्या कणांतलं पॅक्लिटॅक्सेल दक्षिण कोरियात आलं, आणि २००७ मध्ये आपल्याकडं डाबर फार्मानंही बाजारात आणलं. म्हणजे तुझ्या विषयाच्या जवळचं औषध भारतात माणसांना दिलं गेलेलं आहे. हे सगळं खरं आहे.

पण या औषधांनी नेमकं काय दिलं, ते माझ्या घरातून सांगते. माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग पसरलेल्या अवस्थेत कळला. हृदय आधीच नाजूक होतं, म्हणून डॉक्टरांनी अस्तर लावलेलं लाल औषध निवडलं. मी तेव्हा घरात मोठ्या अभिमानानं बोलत होते: बघ, हे आमच्या विषयातलं औषध. तिसऱ्या इंजेक्शनानंतर मी तिच्याकडं गेले तर ती ओट्यापाशी उभी होती, आणि ज्वारीचं पीठ परातीत तसंच पडलेलं. तिनं तळहात उलटे करून दाखवले. लालभडक झालेले, बोटांच्या पेरांवरची कातडी सुटत आलेली. म्हणाली, "हृदय वाचलं म्हनते डॉक्टर. पन भाकर थापता येत नाही न वं." हा या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे, हातापायांवर उमटणारा. मात्रा कमी केल्यावर तिचे हात सुधारले आणि पुढं तिनं भाकरी थापल्या. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात साधं आणि अस्तराचं लाल औषध समोरासमोर तपासलं गेलं आहे. आजार दोन्हींनी सारखाच रोखला, फरक पडला तो हृदयावरच्या त्रासात. अशा नाजूक हृदयाच्या बाईसाठी हा फरक फार मोठा असतो. पण जाहिरातीत लिहिलेली गोष्ट ही नव्हे.

आणि मोठेबाबांच्या बाबतीत सरळ गोष्ट अशी: वर सांगितलेली औषधं स्तन, अंडाशय, फुफ्फुस, स्वादुपिंड अशा कर्करोगांसाठी मंजूर झाली. गालाच्या गाठीत ऑपरेशनऐवजी देता येईल असं मंजूर झालेलं एकही नॅनो-औषध नाही.

तोंडाच्या कर्करोगात जीव कशानं वाचतो याचा भक्कम पुरावा आपल्याच राज्यात तयार झाला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाचे रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटात गाठीबरोबरच मानेतल्या लसिका-गाठीही, म्हणजे हा कर्करोग आधी जिथं पसरतो त्या ग्रंथी, लगेच काढल्या, दुसऱ्यात वाट पाहून, तिथं काही दिसलं तरच काढल्या. २०१५ मध्ये निकाल आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. सुरी तीच, टाके तेच. मानेतल्या गाठी कधी काढायच्या, एवढाच फरक. यात चमकणारं काहीच नाही म्हणून त्याची जाहिरात मोबाईलवर येत नाही. मोठेबाबांना मिळालेली तारीख या रांगेतली आहे. जाहिरातीतली आठ इंजेक्शनं संपेपर्यंत थांबलं तर काढता येणारी गाठ काढता न येणारी होऊ शकते. सहा लाखांपेक्षा मला ही भीती जास्त वाटते.

आता तुझ्या कणांची शिशी. तू स्पष्ट लिहिलं नाहीस, पण 'प्रयोगशाळेतलं काही' म्हणजे काय ते मला कळलं. नाही. एक थेंबही नाही. तुझे कण बनवताना वापरलेला द्रावक पूर्ण उडाला का, हे माणसाला टोचण्याच्या कसोटीवर तुझ्या प्रयोगशाळेत कोणी तपासलेलं नाही. जंतूंच्या कवचाचा अंश राहिला असेल तर ताप, थंडी, रक्तदाब कोसळणं, सगळं एका तासात घडू शकतं. वीस-पंचवीस ग्रॅमच्या उंदराची मात्रा साठ किलोच्या माणसासाठी किती, हे ठरवायलाच वेगळ्या चाचण्या लागतात. सरकारची परवानगी आणि नैतिकता समितीची मान्यता नसताना नवं औषध माणसाला देणं हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मोठेबाबा तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतील आणि हात पुढं करतील. म्हणूनच ती शिशी तिथून हलता कामा नये. फी फेडायची ही जागा नाही.

फी तशीही फेडायची असते का? तीन वर्षं हॉस्टेलचे पैसे भरताना मोठेबाबांना पुढं स्वतःला कर्करोग होईल आणि तू औषध आणशील, असं वाटत नव्हतं. पोरगी शिकावी एवढंच वाटत होतं, आणि तू शिकलीस. त्या शिक्षणाचा आज त्यांना उपयोग आहे, फक्त तू समजतेस त्या जागी नाही. बायोप्सीचा रिपोर्ट घरात कोणाला वाचता येतो? गाठ कितीची, किती खोल, मानेत पसरली का, जबड्याच्या हाडाला लागली का, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. डॉक्टर बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत पाच मिनिटं देतात, त्या पाच मिनिटांत नेमकं विचारणारं माणूस घरात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. ते माणूस तू आहेस.

म्हणून असं कर. रविवारी गावाला जा. चुलतभावाला शेजारी बसव, त्या केंद्राला फोन लाव आणि स्पीकर सुरू ठेव. औषधाचं मूळ नाव विचार, त्यांनी ठेवलेलं नाव नाही. ते कोणत्या कर्करोगासाठी मंजूर आहे, हे लेखी मागव. इंजेक्शन कोण देणार, त्या डॉक्टरचं शिक्षण काय आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, हेही विचार. ते जर म्हणाले की ही नवी चाचणी आहे, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक माग. २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. खऱ्या चाचणीत संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असतं, चाचणीतलं औषध फुकट असतं, आणि चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं २०१९ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. चाचणी म्हणून सहा लाख मागणारा माणूस चाचणी करत नाही. कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही चुलतभावाला सांग. तू दहा वेळा 'नको' म्हणण्यापेक्षा पलीकडच्या माणसाचं अडखळणं त्याच्या स्वतःच्या कानांनी ऐकू दे. तुझ्यावर रागवायचं कारणही मग त्याला उरणार नाही.

आणि त्याच्यावर तूही रागवू नकोस. तू लिहिलंस, जाहिरात दाखवताना त्याच्या दुसऱ्या हातात खर्र्याची प्लास्टिकची पन्नी होती आणि बोलता बोलता अंगठ्यानं तो घोटत होता. हे वाचताना मी थांबले. बाप खर्र्यानं आजारी, आणि मुलगा तोच खर्रा घोटत बापाला वाचवायला जमीन विकायला निघालेला. त्याचं प्रेम खरं आहे, सवयही खरी आहे. त्याला तोंड उघडायला सांग आणि समोरच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी घालून बघायला सांग. जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तिखट झोंबत असेल, तर मोठेबाबांबरोबर त्यालाही त्याच खिडकीवर केसपेपर काढायला लाव. या एका गोष्टीत तू हट्ट कर.

पैशाचं पुढचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची ऑपरेशनं, केमो आणि शेक येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रुग्णालय योजनेत आहे का हे आधी विचारा. असेल तर तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन दाखल होण्याआधी त्याला भेटा, दाखल झाल्यावर नाही. दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर अवश्य घ्या, नागपुरातच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, नागपूरच्या अलीकडं सेवाग्रामचं रुग्णालय आहे. पण दुसरं मत हातातली तारीख सांभाळून, आठवड्याच्या आत. रेल्वेत आणि एसटीत कर्करोगाच्या रुग्णाला सवलत मिळते, त्याचा दाखला डॉक्टरांकडून लिहून घ्या. जमीन राहू द्या. ऑपरेशननंतर मोठेबाबा काही महिने वावरात जाऊ शकणार नाहीत, वेचणीला मजूर लावावे लागतील, नागपूरला फेऱ्या होतील, बरोबरच्या माणसाला राहायची सोय लागेल. योजनेत न बसणारे हे खर्च असतात.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला कुठंच सापडली नाही: मोठेबाबांना स्वतःला काय हवं आहे? जमीन त्यांची, गाल त्यांचा, आणि बोलतात बाकीचे. मला शंका येते की 'चिरफाड नाही' हा शब्द सगळ्यात जास्त त्यांनाच गोड लागला असेल. जबडा काढतील, तोंड वाकडं होईल, लग्नाकार्यात कसं बसू, असं काही त्यांच्या मनात आहे का, एकटं गाठून विचार. मग ते प्रश्न सर्जनपुढं त्यांच्यासमोरच मांड. हाड काढावं लागेल का, किती? जागा भरायला छातीचं मांस लावणार की मांडीचं? नाकातून नळी किती दिवस? बोलणं कधी येईल? उत्तर कळलं की भीती जात नाही, पण तिला आकार येतो आणि माणूस तयारीला लागतो. शेक द्यायचा असेल तर आधी दात तपासून घ्या. नंतर तोंड आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकीवर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम देतात, तो दुखतो, म्हणून लोक सोडून देतात. मोठ्या आईला तो नीट शिकवून ठेव. पातळ वरण, दूध, अंडं, ज्वारीची आंबील, जे गिळलं जाईल आणि डॉक्टर चालेल म्हणतील ते दिवसातून सहा वेळा. ठेचा काही महिने बंद. आणि दुखणं सहन करत बसायचं नाही. ते सांगायचं, मागून औषध घ्यायचं.

मोठी आईनं तुला विचारलं ना, "पॉलिमर म्हंजे प्लास्टिक का वं? अंगात प्लास्टिक टाकते का तुमी?" तू हसून टाळलंस. टाळू नकोस, फार चांगला प्रश्न आहे. तिला सांग की पन्नीसुद्धा पॉलिमर आणि तुझे कणसुद्धा पॉलिमर, पण पन्नी शंभर वर्षं वावरात पडून राहते, तुझे कण अंगात विरघळतात. ऑपरेशननंतर काढावे न लागणारे टाके असतात ना, त्याच जातीचं हे पॉलिमर आहे; ते तुटून जे लॅक्टिक ॲसिड होतं तेच दह्यातही असतं. मोठेबाबांच्या गालात ते टाके पडले, तर तुझं पॉलिमर त्यांच्यापर्यंत पोचलं असं समजायला माझी हरकत नाही.

आता तुझं शिक्षण. ते सोडायचं की नाही हे या महिन्यात ठरवूच नकोस. तरी विचारलंस म्हणून सांगते. तुझ्यासारखेच पॉलिमरचे कण, वर खूण लावलेले, आत डोसिटॅक्सेल हे केमोचं औषध भरलेलं, असं औषध अमेरिकेत रॉबर्ट लँगर आणि ओमिद फारोखझाद यांच्या कंपनीनं माणसांपर्यंत नेलं होतं. जगातली उत्तम प्रयोगशाळा मागं होती. डोकं-मानेच्या कर्करोगातही चाचणी झाली, पण पुढं न्यावं असा निकाल आला नाही, आणि २०१६ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. हे तुला नाउमेद करायला लिहीत नाही. उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते, सैल, भरपूर फटींची. माणसाची वर्षानुवर्षं दडलेली असते, आणि प्रत्येकाची वेगळी. एकाच्या गाठीत कण शिरतात, दुसऱ्याच्या शिरत नाहीत. मग औषध सरसकट देऊन निकाल बघण्यापेक्षा, या माणसाच्या गाठीत कण जातात का हे आधी पाहावं आणि जात असतील त्यालाच द्यावं, हा शहाणपणाचा रस्ता आहे. तुझ्या कामातला चमकणारा अर्धा भाग त्यासाठीच आहे. माझ्या मते तुझ्या प्रबंधातला तोच जास्त मोलाचा आहे, आणि तू पत्रात त्याला 'फक्त फोटो' म्हणतेस! फोलिक ॲसिडच्याच खुणेनं गाठ गाठणारा आणि तिथं चमकणारा एक रंग, पाफोलासायनिन, २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. तो नॅनोकण नाही, साधा रेणू आहे. अंडाशयाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याला न दिसणारे भाग सर्जनला दाखवायला तो वापरतात. म्हणजे तुझ्या कल्पनेचा एक तुकडा ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचलाच आहे, आणि तो सुरीला मदत करायला पोचला, सुरी हटवायला नाही. गाल तर किती उथळ जागी आहे, प्रकाश पोचेल इतका. यावर तुझ्या गाईडशी बोल. आणि तुझे कण जिथं गाठीत गेले नाहीत ते आकडेही प्रबंधात लिही, लपवू नकोस.

राहिला तो उंदीर.

तू लिहिलंस की उत्तर द्यायला शब्द सापडले नाहीत. शब्द आहेत, तुला ते त्यांच्यापुढं उच्चारायचे नाहीत. पण त्यांनी जाहिरातीबद्दल विचारलं नाही, सहा लाखांबद्दल विचारलं नाही. सगळ्या घरात नेमका प्रश्न त्यांनीच विचारला, आणि त्याला उत्तर न मिळाल्याचं त्यांच्या नक्की लक्षात राहिलं असेल. म्हणून इतर सगळं बोलण्याआधी हे सांग. नाही वाचला, मोठेबाबा. त्याची गाठ लहान झाली होती, पण औषध कुठं कुठं गेलं ते मोजायला आम्ही शेवटी त्याला भूल देऊन मारलं. बरंचसं यकृतात सापडलं, गाठीत थोडं. माणसाला द्यायला ते अजून तयार नाही, कधी होईल माहीत नाही. तुमची गाठ कापून काढता येते, ती काढून घेऊ.

मग ते थोडा वेळ गप्प बसतील. बसू दे. त्यानंतर ते काय विचारतील याचा माझा एक अंदाज आहे: ऑपरेशनच्या दिवशी तू असशील ना वं? त्या आठवड्याची सुट्टी गाईडकडं आजच माग, म्हणजे रविवारी 'पाहते' म्हणायची वेळ येणार नाही.